खुब्याच्या सांधेरोपणानंतरची वेदना: गोळी घड्याळाप्रमाणे घ्यावी की सोसेनासे झाल्यावर?

तुम्ही कळवलेल्या माहितीचा गोषवारा आधी देतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला उद्देशून आहे हे इतर वाचकांच्याही लक्षात येईल. तुमच्या आईंचे वय 71 आणि वजन 52 किलो आहे. नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला आणि चौथ्या दिवशी त्यांना घरी सोडले. सोबतच्या चिठ्ठीत पॅरासिटॅमॉल 650 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सेलेकॉक्सिब सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटॅमॉल यांची एकत्रित गोळी 'गरज पडल्यास' दिवसातून दोनदा, पोटासाठी पँटोप्राझोल आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून 35 दिवसांची गोळी, एवढी औषधे आहेत. रक्तदाबाची गोळी जुनीच चालू आहे आणि तिच्यात लघवीचे प्रमाण वाढवणारे औषधही आहे. आईंचे म्हणणे, 'सोसतंय तोवर कशाला गोळी?' त्यामुळे दिवसभर त्या जवळजवळ काहीच घेत नाहीत, रात्री दोन वाजता कळवळून उठतात, मग एकदम दोन-तीन गोळ्या घेतात, सकाळी पेंगुळलेल्या असतात आणि व्यायामाला नको म्हणतात. चार दिवसांत त्यांना शौचाला झालेली नाही. तुमच्या मनात दोन धास्त्या आहेत: गोळ्यांची सवय लागेल, आणि मूत्रपिंडे बिघडतील.

भूलतज्ज्ञ म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग सांधेरोपणाच्या रुग्णांसोबत गेला आहे, आणि आईंसारखे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. त्यांची सोशिकता खरी आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च होत आहे. या शस्त्रक्रियेनंतरची वेदनाशामके माणूस निपचित पडून सुखात राहावा यासाठी दिलेली नसतात. त्याने उठावे, चालावे, पाय हलवावा, खोल श्वास घ्यावा आणि रात्री सलग झोपावे, यासाठी ती असतात. म्हणून औषध पुरेसे आहे की नाही याचा निवाडा खाटेवर पडल्या पडल्या करता येत नाही.

हे मला एका निवृत्त शिक्षकांनी फार पूर्वी शिकवले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या सकाळी मी त्यांना विचारले, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" ते हसून म्हणाले, "एक. फार तर दीड." मी समाधानाने कागदावर एक लिहिले. तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट आल्या आणि त्यांनी सरांना खाटेच्या कडेला बसवून वॉकर पुढे ठेवला. उभे राहताना सरांच्या कपाळावर घाम डवरला, वॉकर धरलेल्या बोटांची पेरे पांढरी पडली आणि दोन पावलांनंतर ते "आता पुरे" म्हणून खाली बसले. तेव्हापासून मी दोन आकडे विचारतो, पडून असतानाचा आणि उभे राहतानाचा, आणि औषध दुसऱ्या आकड्यावर ठरवतो. तुम्हीही आईंना हेच दोन प्रश्न विचारा. चालताना वेदना तीन-चारच्या आसपास राहिली आणि त्या खोलीतून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन येऊ शकल्या, तर औषध बरोबर चालले आहे असे समजावे. शून्य वेदना हे उद्दिष्ट ठेवू नये, कारण तिथे पोहोचण्यासाठी जितके औषध लागते तितके घेतलेला माणूस चालण्याच्या स्थितीत उरत नाही.

सर जॉन चार्नली यांनी 1962 च्या सुमारास आजच्या पद्धतीच्या खुब्याच्या सांध्याचा पाया घातला, तेव्हा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे अंथरुणातच असत. आज बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. वेदनेच्या उपचाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली त्याचे एक मोठे कारण हे लवकर चालणे आहे.

दुखते काय, हेही समजून घ्यावे. झिजलेल्या सांध्याची जुनी, जांघेत ठणकणारी वेदना बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच नाहीशी झाल्याचे जाणवते, आणि रुग्ण ते आश्चर्याने सांगतात. आता जे दुखते ते त्वचा, स्नायू, सांध्याचे आवरण आणि आतून कोरलेले हाड यांचे दुखणे आहे. इजा झालेल्या ठिकाणी दाहजनक रसायने तयार होतात आणि ती तिथल्या चेतातंतूंना हळवे करतात. या हळव्या तंतूंकडून सतत संदेश येत राहिले तर मज्जारज्जूही त्या संदेशांना अधिक जोराने पुढे पाठवू लागतो, आणि मग साधे कूस बदलणेही असह्य होते. अशी भडकलेली वेदना शमवायला जास्त औषध लागते, तर ती भडकू न देण्यासाठी त्याहून पुष्कळ कमी पुरते. आईंच्या रात्रीच्या दोन वाजताच्या प्रसंगाचे मूळ इथे आहे. दिवसभर न घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब रात्री चुकता होतो आहे.

रुग्णालयात बरे वाटत होते आणि घरी आल्यावर दुखणे वाढले, अशी तक्रार बहुतेक सगळेच करतात. पाठीच्या मणक्यात दिलेल्या भुलेचा बधिरपणा काही तासांत उतरतो. मांडीच्या वरच्या भागात दिलेला ब्लॉक, म्हणजे चेतातंतू बधिर करणारे इंजेक्शन, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्याभोवती टोचलेले बधिरीकरणाचे औषध त्याहून जास्त वेळ, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत साथ देते. सांध्याभोवती औषध टोचण्याची ही पद्धत सिडनीतील केर आणि कोहन या दोन डॉक्टरांनी 2008 साली सविस्तर प्रसिद्ध केली आणि ती पाहता पाहता सर्वत्र पोहोचली. त्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या एका मात्रेची भर पडते. तिने मळमळही कमी होते, फक्त मधुमेही व्यक्तीची साखर एक-दोन दिवस चढते. हे सगळे आधार उतरतात तेव्हाच माणूस घरी जातो आणि नेमके तेव्हाच जास्त हिंडू-फिरू लागतो. म्हणजे घरी आल्यावर दुखणे वाढणे हे काही बिघडल्याचे लक्षण नसून बधिरपणाची मुदत संपल्याचे लक्षण असते.

आता चिठ्ठीतल्या औषधांकडे येतो. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन औषधे कमी मात्रेत एकत्र दिली की एकाच औषधाच्या मोठ्या मात्रेपेक्षा गुण जास्त आणि त्रास कमी होतो, हे या उपचारामागचे तत्त्व आहे. खुब्याच्या सांधेरोपणासाठी 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींतही पॅरासिटॅमॉल आणि दाह कमी करणारे औषध हा पाया मानला आहे, आणि अफूवर्गीय औषधे केवळ कमी पडेल तिथे हाताशी ठेवायची, असे म्हटले आहे. आईंची चिठ्ठी याच धर्तीची आहे: पॅरासिटॅमॉल, दाह कमी करणारे सेलेकॉक्सिब आणि हाताशी अफूवर्गीय ट्रॅमाडॉल. चिठ्ठी उत्तम आहे, ती पाळली जात नाही एवढेच.

पॅरासिटॅमॉलला लोक 'तापाची गोळी' म्हणून हलके लेखतात. हा मोठा गैरसमज आहे. एकटी गोळी या वेदनेला पुरत नाही हे खरे, पण ती वेळेवर पोटात असली की बाकीच्या सगळ्या औषधांची गरज घटते, आणि मूत्रपिंड, जठर किंवा शुद्धीवर तिचा भार नगण्य असतो. तिचा खरा धोका यकृताला आहे आणि तोही मर्यादा ओलांडल्यावर. धडधाकट प्रौढासाठी चोवीस तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली जाते. 50 किलोच्या आसपास वजन असलेल्या, वयस्क, कमी जेवणाऱ्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा नियमित मद्य घेणाऱ्या माणसाला मी 3 ग्रॅमपलीकडे जाऊ देत नाही, काहींना तर 2 ग्रॅमवरच थांबवतो. आईंच्या 650 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या म्हणजे 1,950 मिलिग्रॅम. एकत्रित गोळीत सामान्यतः ट्रॅमाडॉल 37.5 आणि पॅरासिटॅमॉल 325 मिलिग्रॅम असते, म्हणजे तशा दोन गोळ्यांचे 650 मिलिग्रॅम आणखी. एकूण 2,600. इथवर सगळे ठीक आहे. पण घरातल्या कुणी सर्दी झाली म्हणून 500 मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा दिली, तर बेरीज 4,100 वर जाते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या एका रुग्णाच्या उशाशी तीन वेगळ्या नावांची तीन पाकिटे होती, तिन्हींमध्ये हेच औषध, आणि ती तीन वेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. तेव्हा पाकिटावरचे मोठ्या अक्षरातले नाव वाचू नका, त्याखालचे बारीक अक्षरातले घटक वाचा. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्याही टाळाव्यात, कारण त्यातल्या एकेका गोळीत 400 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकते आणि रक्तदाब असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही.

वेळापत्रक मी असे सुचवेन. पॅरासिटॅमॉल सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 वाजता, दुखत असो वा नसो. एकत्रित गोळी घ्यायची तर या वेळांच्या मध्यावर, म्हणजे सकाळी 10 किंवा संध्याकाळी 6 वाजता, म्हणजे पॅरासिटॅमॉलच्या दोन मात्रांत चार तासांचे अंतर आपोआप राहते. पोटात गेलेल्या गोळीचा परिणाम जाणवायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणून फिजिओथेरपिस्ट 11 वाजता येणार असतील तर 10 ची गोळी चुकवू नये. व्यायाम संपवून, दुखल्यावर घेतलेली गोळी उशिरा आलेल्या छत्रीसारखी असते. रात्री 10 ला पॅरासिटॅमॉल घेऊनही झोपमोड होत असेल तर संध्याकाळची गोळी थोडी उशिरा, 7 च्या सुमारास घ्यावी, पण मग रात्रीचे पॅरासिटॅमॉल 11 वाजता. हे सारे एका वहीत लिहा: वेळ, गोळी, चालतानाचा आकडा, शौचाला झाली की नाही. चार रकाने पुरेत. रात्री दोन वाजता झोपेत कुणालाच आठवत नाही की मघाशी कोणती गोळी दिली, आणि एकावर एक मात्रा नेमक्या तेव्हाच पडतात.

सेलेकॉक्सिबबद्दल मात्र तुमची मूत्रपिंडांची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या उघड्या ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायने करतात, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना. दाह शमवणारी वेदनाशामके, मग ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन असोत की सेलेकॉक्सिब, याच रसायनांना रोखतात. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या वाहिन्या सैल करतात आणि लघवी वाढवणारे औषध शरीरातले पाणी घटवते. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडातला रक्त गाळण्याचा दाब तिन्ही बाजूंनी घटतो. शस्त्रक्रियेत रक्त गेलेले, भूक मंदावलेली आणि स्वच्छतागृहात वारंवार जावे लागू नये म्हणून पाणीही बेतानेच पिणारी 71 वर्षांची व्यक्ती ही या त्रिकुटाचे सोपे भक्ष्य ठरते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पाचच दिवसांचा कोर्स दिला हे शहाणपणाचे आहे. तो आता संपत आला आहे, तर 'गुण येतोय' म्हणून स्वतःहून पुढे चालू ठेवू नका. खरोखरच गरज वाटली तर आधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारी, रक्ततपासणी करून शल्यचिकित्सकांना विचारा. उलट्या-जुलाब झाले किंवा लघवीचे प्रमाण घटले, तर हे औषध त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवावे, आणि रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे तेही त्यांनाच विचारावे.

रक्त पातळ करणारी 35 दिवसांची गोळी चालू असताना जठरातून रक्तस्रावाचा धोकाही या गटाच्या औषधांनी वाढतो. सेलेकॉक्सिबने रक्तातल्या प्लेटलेट पेशींच्या कामात फारसा अडथळा येत नाही, म्हणून ते या काळात इतरांपेक्षा बरे ठरते आणि सोबतीला पँटोप्राझोल असते. पण त्यावर घरात पडलेली डायक्लोफेनॅकची गोळी 'आणखी एक' म्हणून देणे म्हणजे गुण तेवढाच ठेवून धोका दुप्पट करणे. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, ज्यांना अल्सर होऊन गेला आहे, ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमजोर आहेत किंवा अशा गोळीने ज्यांना दमा उसळतो, त्यांना हा गट बहुधा वगळावाच लागतो. दुसऱ्या बाजूने, खुब्याभोवतीच्या स्नायूंत नको तिथे हाड तयार होण्याचा जो प्रकार काही रुग्णांत होतो, तो टाळण्यासाठी काही शल्यचिकित्सक हीच औषधे मुद्दाम देतात. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीत ती जास्त दिवस दिसली तर तुलना करत बसू नका.

मलमाबद्दलही अनेकजण विचारतात. खुब्याचा सांधा इतका खोल आहे की वरून चोळलेले वेदनाशामक मलम तिथे पोहोचत नाही, आणि ताज्या जखमेच्या आसपास चोळाचोळ तर नकोच. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवण्याने मांडीची सूज आणि ठणका जास्त कमी होतो.

आता ट्रॅमाडॉल. हे अफूवर्गीय औषध आहे आणि 'सवय' हा शब्द त्याच्याभोवतीच फिरतो. दोन गोष्टी इथे वेगळ्या करायला हव्यात. काही आठवडे सलग घेतल्यावर शरीर औषधाला सरावते आणि एकाएकी बंद केले तर अस्वस्थता, घाम, जुलाब असा त्रास होतो. हे शरीराचे अवलंबन झाले, आणि मात्रा हळूहळू उतरवली की ते टळते. व्यसन म्हणजे वेदना नसतानाही त्या औषधाचीच ओढ लागणे. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवडे, ठरलेल्या मात्रेत आणि वेदनेपुरती गोळी घेणाऱ्या माणसात ते होण्याची शक्यता थोडी असते. ती वाढते ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा विचार न करता वाढवत नेल्याने, किंवा पूर्वी मद्याचे वा इतर व्यसन असल्यास. आधीपासून महिनोन्महिने अशी औषधे घेत असलेल्यांची गोष्टच वेगळी, त्यांना शस्त्रक्रियेआधीच स्वतंत्र आखणी लागते. आईंच्या बाबतीत आज मला सवयीपेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते. रात्री दोन वाजता उपाशी पोटी एकदम दोन-तीन गोळ्या, मग अर्धवट गुंगीत अंधारातून स्वच्छतागृहाकडे जाणे, हा नव्या सांध्याला निखळवणारा किंवा त्याच्याभोवतीचे हाड मोडणारा प्रकार आहे. गोळीनंतर पहिल्यांदा उठताना त्यांनी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटे बसावे, चक्कर नाही याची खात्री करावी आणि मगच वॉकर धरावा. रात्री कुणीतरी सोबत उठावे.

ट्रॅमाडॉलचा गुण माणसागणिक बदलतो. यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्याचे अधिक प्रभावी रूपात रूपांतर करते आणि काहींत ते विकर जन्मतःच मंद, तर काहींत अतिचपळ असते. म्हणून एकाला एका गोळीने काहीच होत नाही आणि दुसऱ्याला तेवढ्याने दिवसभर गरगरते. दोघेही खरेच सांगत असतात. नैराश्य किंवा चिंतेवरची गोळी चालू असेल, पूर्वी फिट आली असेल, तर ती माहिती ट्रॅमाडॉल लिहिणाऱ्या डॉक्टरांना असलीच पाहिजे, कारण या जोडीने थरथर, घाम, गोंधळ आणि क्वचित फिट येऊ शकते. तुम्ही आईंची लघवी वाढवणारी गोळी कळवलीत हे बरे केलेत. ती आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही रक्तातले सोडियम घटवू शकतात. आई अचानक असंबद्ध बोलू लागल्या, दिवस-रात्र उलटसुलट झाले, तर 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासून घ्या.

झोपेची गोळी या काळात ट्रॅमाडॉलसोबत देऊ नये. दोघांनी मिळून श्वास मंदावतो आणि घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसात हा धोका गंभीर असतो. मद्याचेही तेच. रुग्णालयात जो बटण दाबून औषध देणारा पंप असतो, त्याचे बटण रुग्णाखेरीज कुणी दाबायचे नसते ते याच कारणाने: गुंगी आली की रुग्णाचे बोट आपोआप थांबते, आणि हीच त्याची सुरक्षितता. एका मुलीने प्रेमापोटी झोपलेल्या आईचे बटण रात्रभर दाबले होते. पंपाच्या लॉकमुळे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त औषध न सोडणाऱ्या सोयीमुळे, मात्रा मर्यादेत राहिली, पण सकाळी त्या बाईंना जागे करायला आम्हाला बराच वेळ लागला. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही औषधे कुणी सुचवली तर नम्रपणे कारण विचारा. मज्जातंतूंच्या वेदनेत त्यांचे स्थान आहे, पण खुब्याच्या सांधेरोपणानंतर सरसकट देण्याइतका त्यांचा लाभ नाही आणि वयस्कांत गुंगी येण्याचा व तोल जाण्याचा धोका वाढतो. त्वचेवर चिकटवायच्या वेदनाशामक पट्ट्याही या टप्प्यावर सोयीच्या नाहीत. त्या चढायलाही वेळ घेतात आणि उतरायलाही.

चार दिवस शौचाला न होणे ही मात्र आजच मार्गी लावण्याची गोष्ट आहे. अफूवर्गीय औषधांनी येणारी मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहते, शरीर त्याला सरावत नाही. आतड्याची हालचालच मंद झालेली असते, म्हणून नुसते चोथायुक्त चूर्ण आणि त्यावर कमी पाणी, याने पोट आणखी दाटते. सेनासारखे (सोनामुखीसारखे) आतड्याला चालना देणारे औषध आणि त्याच्या जोडीला मॅक्रोगॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखे मल मऊ करणारे, असा मेळ बहुधा लागतो. खरे तर ट्रॅमाडॉलच्या पहिल्या गोळीबरोबरच ते सुरू व्हायला हवे होते. ही चूक रुग्णांची कमी आणि आम्हा डॉक्टरांची जास्त असते. आज डॉक्टरांना फोन करून लिहून घ्या. पोट फुगले असेल, वारा सरत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर रेचक न देता आधी दाखवा. आणि एक शंका माझ्या मनात आहे, ती तुम्ही आईंना हळूच विचारून पाहा: शौचाला कुंथण्याच्या भीतीने तर त्या गोळ्या टाळत नाहीत ना? कितीतरी रुग्ण हे कारण मुलांना सांगत नाहीत.

किती दिवस, याचे उत्तर प्रत्येकात थोडे वेगळे असते. साधारणपणे ट्रॅमाडॉलसारखी गोळी पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुटते, पॅरासिटॅमॉल चार ते सहा आठवडे चालते आणि शेवटी शेवटी फक्त रात्रीची किंवा व्यायामाआधीची गोळी उरते. सोडण्याचा क्रम चढण्याच्या उलट ठेवावा: आधी अफूवर्गीय, मग दाह शमवणारे असेल तर ते, आणि सर्वांत शेवटी पॅरासिटॅमॉल. बरेच लोक नेमके उलटे करतात, 'इतक्या गोळ्या नको' म्हणून साधी गोळी बंद करतात आणि ज्या एका गोळीने पटकन बरे वाटते ती ठेवतात. आईंनी पॅरासिटॅमॉल वेळेवर सुरू केले की दोन-तीन दिवसांत एकत्रित गोळी दिवसातून एकावर येईल असा माझा अंदाज आहे. एखाद्या दिवशी जास्त चालणे झाले आणि संध्याकाळी ठणका वाढला, तर तो दिवस अपवाद समजून एक गोळी जास्त घ्यायला हरकत नाही, चिठ्ठीतल्या दोनच्या मर्यादेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधीच्या ठिकाणी यावे.

काही वेदना मात्र गोळीने दाबायच्या नसतात. उठता-बसता अचानक कट असा आवाज होऊन तीव्र कळ आली, पाय आखूड किंवा वळलेला दिसू लागला आणि त्यावर भार टाकता येईना, तर सांधा निखळल्याची किंवा हाड मोडल्याची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठावे. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवावे, छातीत दुखून धाप लागली तर क्षणाचाही विलंब नको. आधी कमी होत आलेले दुखणे पुन्हा दिवसेंदिवस वाढू लागले, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा तिच्याभोवतीची लाली पसरू लागली, तर संसर्ग असू शकतो. इथे पॅरासिटॅमॉलची एक खोड लक्षात ठेवा, ते तापही उतरवते. नियमित घेणाऱ्या माणसाला ताप दिसत नाही म्हणून संसर्ग नाही असे होत नाही. थंडी वाजली किंवा शंका आली तर पुढच्या मात्रेआधी ताप मोजा. काळी, डांबरासारखी शौच झाली किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर तीही त्याच दिवसाची, त्याच तासाची बाब आहे.

तीन महिन्यांनंतरही रोज गोळी लागत असेल, तर तिथे गोळीची मात्रा हा प्रश्न उरत नाही. या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहातल्या एका रुग्णाला दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहते. तेव्हा एक्स-रे, संसर्गासाठी रक्ताच्या तपासण्या आणि कंबरेच्या मणक्याची तपासणी व्हायला हवी, कारण खुब्यात जाणवणारी वेदना कधीकधी कंबरेतूनच येत असते.

एक बारीकशी गोष्ट राहिली. एकत्रित गोळीचे पाकीट आईंना लागेनासे झाले की घरच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. माझ्या एका रुग्णाच्या यजमानांनी, बायकोची उरलेली म्हणून, स्वतःच्या पाठदुखीसाठी त्यातल्या तीन गोळ्या घेतल्या. त्यांना नैराश्यावरची गोळी चालू होती. हात थरथरत, घामाने निथळत ते माझ्याकडे आले, आणि मी काय घेतले म्हणून विचारले तेव्हा म्हणाले, "काही नाही, हिचीच होती." उरलेल्या गोळ्या मोजा, वहीत आकडा लिहा आणि टाके तपासायला जाल तेव्हा पाकीट सोबत नेऊन त्या नष्ट कशा करायच्या ते तिथल्या औषधविक्रेत्याला विचारा.